आरशावरची पन्नी

"हा आरसा आंधळा आहे," मी दुकानदाराला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, जठारपेठेतल्या त्याच्या खेळण्यांच्या दुकानात, चारचौघांच्या देखत, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात सुनावलं. मी शाळेत भूगोल शिकवतो. नकाशावर छडी आपटत बोलायची सवय. हातात छडी नव्हती, म्हणून आरसाच काउंटरवर आपटला. तो न फुटणाऱ्या जातीचा होता, हे त्याचं आणि माझं नशीब.

दुकानदार माझ्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा, दोरीला बांधलेला चष्मा छातीवर लोंबकळणारा. त्यानं आरसा उचलला, उलटा केला, सुलटा केला, चष्मा नाकावर चढवला आणि कडेला अंगठ्याचं नख लावून सर्रकन प्लॅस्टिकची एक पातळ पन्नी ओढून काढली. दुधावरची साय निघावी तशी अख्खी निघाली. खाली आरसा चकचकीत, आणि त्या आरशात माझं रागावलेलं तोंड.

"आता पाहा सर," तो म्हणाला. "अजून कुठं काळं दिसत असेल तर ते आरशातलं नाही."

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो, दुसरं काय करणार. पन्नीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेलं होतं की वापरण्याआधी ही काढून टाका. जवळचा चष्मा मी बाजारात घालून जात नाही, कारण चष्म्यात मी म्हातारा दिसतो असा माझा समज आहे. चष्म्याशिवाय मी मूर्ख दिसतो, हे त्या दिवशी कळलं.

हसू ओठावर होतं तेवढ्यात दुसरं एक वाक्य आठवलं आणि हसू तिथंच राहिलं. आदल्या संध्याकाळी हाच आरसा, हीच पन्नी वर असताना, माझ्या जावयानं हातात धरला होता. तोंडाजवळ नेला होता, लांब धरला होता, आणि म्हणाला होता, "लख्ख आहे जी मामाजी. एक नंबर."

दुकानदार विचारत होता, बदलून देऊ की हाच नेता. मी हाच म्हटलं. पन्नीची घडी करून ती खिशात का घातली, मला सांगता येणार नाही.

आरसा घरात यायचं कारण आमची नात. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे अकोल्याला आलेली होती. नात तीन महिन्यांची झाली, बाळसं धरलं, पण मान धरायचं नाव घेईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज थोडा वेळ पालथी घालत जा, मानेला बळ येईल. पालथी घातली की ही बया गोधडीत नाक खुपसायची आणि असा टाहो फोडायची की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, कोणाचा मार खाऊन राह्यली म्हणून. मग मुलीनं फोनवर कुठंतरी पाहिलं की अशा वेळी समोर आरसा ठेवावा. लेकरू स्वतःलाच दुसरं लेकरू समजतं आणि पाहायला मान वर करतं. तोच आरसा गाडीत पुढच्या सीटच्या पाठीला बांधला, तर मांडीवरचं लेकरू प्रवासभर त्यात रमतं.

बायकोनं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "दात नाई आले अन् आरसा? मुकी राह्यते पोट्टी. आमच्या आईनं आमाले चांगले दोन दोन दात येईलोक ताटातसुद्धा तोंड पाहू नाई देलं."

मी म्हटलं, तरीच. आता बोलणं थांबत नाही ते त्याचंच.

यावर तिनं माझ्याकडे जे पाहिलं त्याला आरसा लागत नाही. पण मुलीपुढं दोघांचंही चाललं नाही. मुलीनं मला बजावून पाठवलं होतं, काचेचा नको, कडेला टोक नको, रंग जाणारा नको, जमिनीवर उभा राहिला पाहिजे आणि गाडीत बांधायला पट्टा पाहिजे. एवढ्या अटी तिच्या लग्नाच्या वेळी आम्ही मुलाला घातल्या नव्हत्या.

गुरुवारी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानात गर्दी नव्हती. माघ महिना, लग्नाचे दिवस, तरी दुकानदार स्टुलावर बसून पेपरानं माशा वारत होता. कपाशी अळीनं खाल्ली की पहिलं खेळणं बंद होतं, मग कापड, मग चहा, असं तो म्हणाला. किराणा तेवढा कोणी बंद करू शकत नाही, म्हणून त्याच्या भावानं शहाणपणा केला आणि किराणा टाकला. त्यानं मला तीन तऱ्हेचे आरसे दाखवले. एक खुळखुळ्याला चिकटवलेला, बशीएवढाही नाही; त्यात नातीचं एक गालफडसुद्धा मावलं नसतं. दुसरा कापडी पुस्तकात शिवलेला, पानोपानी प्राणी आणि शेवटच्या पानावर आरसा. हा मला आवडला होता, पण हत्ती शेळीएवढा आणि शेळी हत्तीएवढी काढलेली, आणि भूगोलाच्या माणसाला प्रमाण चुकलेलं खपत नाही. तिसरा गोल, ताटलीएवढा, भोवती मऊ कापडाची पिवळी पाकळी, मागं उभं करायला टेकू आणि सीटला बांधायला पट्टा. खोक्यावर एक गोरं बाळ बादलीसारख्या खुर्चीत मागं तोंड करून बसलेलं होतं. त्याला मागं तोंड करून का बसवलं, ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. "तिकडं गाडी उलटी चालवत असतील," तो म्हणाला. मी वास घेतला, पाकळी ओढून पाहिली, कडांवरून बोट फिरवलं, टेकूवर उभा करून फुंकर मारली. सगळं तपासलं. त्यात पाहायचं तेवढं राहिलं.

जावई त्याच दिवशी दुपारी आला होता, बायको-पोरीला न्यायला.

त्याचं घर तेल्हाऱ्याकडे, शेती कपाशीची. पण शेतीवर दोन घरं निघत नाहीत म्हणून तो नांदगाव पेठेतल्या एका कापडाच्या कारखान्यात लागला होता आणि अमरावतीला खोली करून दोघं राहत होती. कंत्राटी का होईना, महिन्याच्या महिन्याला हातात पडत होतं. काम मागावर. माग चालू असताना कुठला धागा तुटला ते लांबून हेरायचं आणि जाऊन जोडायचं. लग्न ठरवताना तो म्हणाला होता, आमच्या कामाले डोकं नाई लागत मामाजी, डोये लागतात. मला ते आवडलं होतं. डोकं असलेली माणसं मी शाळेत रोज पाहत होतो.

नात होण्याआधीच्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली आणि अळीही तिच्यासोबत वर गेली. आजूबाजूच्या गावांत फवारणी करून माणसं आजारी पडायला लागली, तसे मजूर पंप पाठीला लावेनात. माझ्या व्याह्यांना दम्याचा त्रास, त्यांना पंप उचलत नाही. जावई रजा काढून गेला. तोंडाला रुमाल बांधला होता. डोळ्यांना काय बांधणार? खांद्याच्या उंचीच्या पिकावर फवारलेलं खाली पडतं. डोक्यावरच्या पिकावर फवारलेलं माणसाच्या तोंडावर पडतं. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या आणि त्याला अकोल्याला आणलं.

त्या वॉर्डात मी रोज जात होतो. एकाच कामानं आलेली माणसं रांगेनं झोपलेली, हात खाटेला बांधलेले, कारण जहर अंगात असताना माणूस झटतो, सलाइन उपसतो. जावयाच्या शेजारी एक जण होता, गप्प पडून राहायचा, मी गेलो की रामराम करायला बांधलेला हात तेवढ्यापुरता उचलायचा. एका सकाळी त्याची गादी उलटी करून ठेवलेली होती. जावयानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मुलगी तेव्हा पोटुशी होती. तिला आम्ही वॉर्डात येऊ देत नव्हतो. बाहेर बाकावर बसून ती पेजेचा डबा आत पाठवायची आणि रिकामा डबा उघडून पाहायची, किती खाल्लं ते.

तो जगला. आमच्या घरात त्या दिवाळीला याच्यापलीकडे कोणी काही मागितलं नाही. हातापायात जोर नव्हता, तो हळूहळू आला. डोळ्यापुढं धुई आहे, धुकं पडावं तशी, म्हणत होता, ती दिवाळीनंतर गेली म्हणाला. बारशाला आला तेव्हा पोरीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडाला तोंड लावून कितीतरी वेळ बसून होता. बायका म्हणाल्या, बापाची माया पाहा.

कारखान्यानं जागा बदलीच्या माणसावर ठेवली होती. आता निरोप आला होता की सोमवारी या, नाहीतर येऊ नका. म्हणून तो आला होता. माझी जुनी चारचाकी घेऊन शनिवारी तिघं अमरावतीला जाणार, गाडी तोच चालवणार, पुढच्या रविवारी आणून देणार, असं ठरलं होतं.

तर मी पहिल्यांदा आरसा घरी आणला ती गुरुवारची संध्याकाळ. बायकोनं आत पाहिलं. "हा काय आरसा? धुई पडली जशी याच्यात."

मुलगीही म्हणाली, "बाबा, धुरकट आहे हो."

मी म्हटलं, लहान मुलांचे असेच असतात, डोळ्याला त्रास नको म्हणून. असं काही नसतं, पण मास्तरकीत ठोकून देण्याची कला येते. मग जावयानं हातात घेतला आणि ते लख्ख आहे म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी बायकोला म्हटलं, "पाहा. दिवसभर सूत पाहणाऱ्या माणसाची नजर आहे ती."

"जवाई हाय," ती म्हणाली. "तुमी पाटा आणला असता तं त्यालेही लख्खच म्हणलं असतं." आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मला परत दुकानात पाठवलं.

त्या दुकानाबाहेर मी स्कूटरवर बसलो आणि किक मारली नाही. बायकोचं म्हणणं खरं असू दे, असं मी मनात धरून बसलो होतो. सासऱ्याच्या वस्तूला नाव ठेवू नये एवढंच असू दे. पण मान राखणारा माणूस 'बरा आहे' म्हणतो, 'चालते जी' म्हणतो. लख्ख कशाला म्हणेल? आणि मग एक एक गोष्ट समोर यायला लागली. आल्या आल्या पाण्याच्या तांब्याकडे गेलेला त्याचा हात तांब्याच्या बाजूनं गेला होता. सकाळी पेपर माझ्याकडे सरकवून म्हणाला होता, तुमी वाचा, मी ऐकतो. मला वाटलं, माझा आवाज आवडतो. आमच्या शाळेत कोणाला आवडत नाही.

घरी जाऊन मी आरसा टेबलावर ठेवला आणि पन्नीची गोष्ट कोणाला सांगितली नाही. बदलून दिला, एवढंच म्हटलं.

शनिवारी सकाळी व्हरांड्यात ऊन आलं तेव्हा मुलीनं सतरंजीवर गोधडी टाकली, नातीला पालथी घातली आणि आरसा समोर उभा केला. उन्हात तो असा चमकला की भिंतीवर ताटाएवढा कवडसा पडला. नातीनं नेहमीप्रमाणे नाक खुपसलं, कण्हली, टाहो फोडायच्या बेतात आली. मग काय दिसलं कोण जाणे, तिनं डोकं उचललं. थरथरत होतं, लाल झालं होतं, पण उचलून धरलं. आरशातली पोर हिच्याकडे पाहत होती आणि ही आरशातल्या पोरीकडे. मुलगी तोंडावर हात ठेवून बसली. बायको दाताचं विसरली आणि गुडघ्यावर बसून टाळ्या वाजवायला लागली.

जावई खांबाला टेकून उभा होता. तो भिंतीकडे पाहत होता. गोधडीवर टेकू हलला तसा कवडसा हलत होता आणि त्याची मान त्या कवडशाबरोबर वळत होती. बायका हसल्या तेव्हा तोही हसला, थोडा मागून, भिंतीकडे तोंड करून. मग मला हळूच म्हणाला, "आज काहून चमकून राह्यला जी हा?"

जेवणं झाली, बोचकी गाडीत गेली, बायका आत ओटी भरत होत्या. अंगणात आम्ही दोघंच. त्यानं चावीसाठी हात पुढं केला. मी चावी खिशातच ठेवली आणि म्हटलं, गाडी मी चालवतो. तो म्हणाला, तुम्हाला मूर्तिजापूरच्या पुढं चालवायची सवय नाही. ते खरं होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडंही फारशी नाही.

"परवा आरशावर पन्नी होती," मी म्हटलं. "आमाले सगळ्याइले आरसा धुरकट दिसला. तुमाले लख्ख दिसला."

 तो गाडीच्या बोनेटवर हात टेकून उभा राहिला. मग दोन्ही हात खिशात घातले, पुन्हा काढले.

"मधातच नाई दिसत," तो म्हणाला. "बाजूनं दिसते. हलते ते दिसते. मधात धुई. समोर मानूस असला तं मुंडकं राह्यते, तोंड नाई राहत."

"पोरीचं?"

"गोल दिसते. नाक-डोये मी मनानं लावतो."

आतून बायकोचा आवाज आला, नारळ कुठं ठेवला म्हणून. मी ओरडून सांगितलं, फळीवर. माझा आवाज नेहमीसारखा निघाला, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

त्याचं म्हणणं एवढंच होतं की सोमवारपर्यंत कोणाला सांगू नका. एकदा मागावर उभा राहिलो की निभावेल. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो, तो कानाला कळतो, जोडायचं हाताला कळतं. हे गेलं तर मग काय आहे? त्याच्या बापाची कपाशी त्या वर्षी उपटून शेतातच जाळली होती. मी वर्गात कोणालाही कुठल्याही नदीचा उगम सांगू शकतो.  तिथं गाडी मी चालवतो, एवढंच पुन्हा म्हटलं.

बायकोला सांगितलं की जावयाच्या पायाला मुंग्या येताहेत. तिनं पायाला लावायला तेलाची बाटली दिली.

निघालो. आरसा पुढच्या सीटच्या पाठीला बांधला होता. पुढं माझ्याशेजारी जावई, मागं मुलगी आणि तिच्या मांडीवर नात. गाडी मी अशी चालवतो की बोरगाव मंजूच्या पुढं एका बैलगाडीवाल्यानं मला बाजू दिली आणि मी ती घेतली नाही. ट्रक मागून ओरडत होते. एरवी यावर जावई काहीतरी बोलला असता. त्या दिवशी तो समोरच्या काचेकडे तोंड करून बसला होता, आणि समोर त्याच्यासाठी काय होतं ते मला आता माहीत होतं.

मुलीनं फोनवर पाहिलेलं खरं निघालं. नात रडली नाही. आरशात पाहून आधी गप्प झाली, मग तोंडानं बुडबुडे काढायला लागली आणि मूर्तिजापूर मागं टाकल्यावर खुदकन हसली. आवाज काढून हसायची ती पहिलीच वेळ.

"अहो, वळून पाहा ना," मुलगी म्हणाली. "कशी हसून राह्यली आरशात पाहून."

तो वळला. सीटच्या दोन पाठींमधून त्यानं मागं पाहिलं, थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, डोकं तिरपं करून. बराच वेळ. मी गाडी आणखी हळू केली. मग तो म्हणाला, "मले नाई दिसत तिचं तोंड."

मुलीला वाटलं, आरसा आड येतोय. ती आरसा सरकवायला लागली. तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं, मला सांगितलं तेवढंच, तितक्याच शब्दांत. रस्त्याच्या कडेला पराटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्यांचे ढीग रचलेले होते, ते एकामागून एक जात राहिले. माझ्यासमोरच्या छोट्या आरशात मुलगी दिसत होती. ती रडली नाही. पोरीला खांद्याशी धरलं आणि विचारलं, "अन् माझं तोंड?"

"तुझं पाठ आहे," तो म्हणाला. "हिचं नाई."

बडनेऱ्यापर्यंत गाडीत फक्त नात बोलत होती.

अमरावतीला मी त्यांना खोलीवर सोडलं, सामान वर चढवलं. मुलीनं पदर खोचला आणि खोली झाडायला घेतली, महिनोन्‌महिन्यांची धूळ होती. मला म्हणाली, आईला इतक्यात सांगू नका, सोमवार जाऊ द्या. म्हणजे दोघांचं एकच मागणं. मी परत आलो आणि दोन दिवस बायकोशी हवामानावर बोललो. भूगोलाचा माणूस म्हणून तिला संशय आला नाही.

सोमवारी तो कामावर गेला. निम्मी पाळी निभावलीही. आवाजावरून त्यानं खरंच तुटलेले धागे पकडले, जोडले. मग शेजारच्या मागावरचा गडी अडकलेलं सूत काढायला याच्या मागात हात घालून उभा होता आणि यानं माग चालू करायच्या दांड्याकडे हात नेला. त्या गड्याचा हात नजरेच्या मधात होता म्हणून याला दिसला नाही. तो गडी ओरडला म्हणून त्याची बोटं राहिली. जावयानं तिथंच माग बंद ठेवला, सुपरवायझरकडे गेला आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलं. कामावरून काढायची वेळ त्यानं कारखान्यावर आणली नाही.

मंगळवारी दोघं अमरावतीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. डोळ्यामागची नस वाळली म्हणाले. गेलं ते येणार नाही, उरलं ते राहील. कारखान्यात कापड तपासायच्या टेबलावर बायकांना घेतात. कापड उजेडावरून सरकत जातं आणि बायका चुकलेला धागा शोधतात. मुलीनं तिथं विचारून ठेवलं. गुरुवारपासून ये म्हणाले.

हे सगळं तिनं मंगळवारी संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. बायको स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती, मी दारात. मध्येच तिनं गॅस बंद केला. फोन ठेवल्यावर पहिलं विचारलं, "तुमाले कवा समजलं?"

मी सांगितलं, शुक्रवारी, दुकानात. पन्नी निघाली तेव्हा. पन्नी दाखवावी म्हणून खुंटीवरच्या शर्टाचा खिसा चाचपला, तर शर्ट धुतलेला. बायको कुठलीही धड वस्तू टाकून देत नाही. तिनं फळीवरच्या लोणच्याच्या बरणीकडे बोट केलं. झाकणाखाली, तेल सांडू नये म्हणून, ती गोल पन्नी बरोबर बसवलेली होती.

तिनं झाकण काढलं, पन्नी हातात घेतली, दिव्यासमोर धरली आणि तिच्यातून माझ्याकडे पाहिलं. तेलानं ती आणखी धुरकट झाली होती. मी कसा दिसलो असेन, मला विचारायचा धीर झाला नाही. ती बराच वेळ पाहत राहिली. मग पन्नी पुसून पुन्हा बरणीवर बसवली आणि झाकण लावलं.

"त्याच्या डोयात तं जहर गेलं होतं," ती म्हणाली. "बारशाले पोरगं लेकराच्या तोंडाले तोंड लावून बसलं, अन् मी ओवाळून राह्यलो त्याले. आपल्या डोयात काय गेलं होतं जी?"

 ती आत गेली, ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग लुगडी झटकल्याचा. पोरगी दिवसभर टेबलावर, आणि पुढच्या महिन्यात नात उपडी पडायला लागणार, मग सरपटायला. समोरचं न दिसणाऱ्या बापाच्या भरवशावर तिला कोण ठेवील, हा हिशेब तिनं फोन चालू असतानाच केला असणार. बाहेर आली ती पिशवी घेऊनच.

"मी उद्याच्या पयल्या गाडीनं अमरावतीले जातो. कवा येईन ते इचारू नका," ती म्हणाली. "कणिक डब्यात हाय. पोया लाटाले शिका आता. अन् चष्मा लावून लाटजा."